कृपेचे गुण

परीक्षांचे निकाल लागले की धर्मग्रामाच्या कचेरीत एका वेगळ्याच प्रकारची मंडळी येऊ लागतात. त्यांना बाप्तिस्म्याचा दाखला नको असतो की मृतांसाठी मिस्सा नेमायची नसते. मुलाला किंवा मुलीला दोन-चार गुण कमी पडलेले असतात आणि "फादर, प्राचार्यांकडे तुमचा एक शब्द टाका" एवढीच विनंती असते. विनंती करणारे लबाड असतात असे मुळीच नाही. पुष्कळदा ती पहाटेच्या गाडीने भाजीची पाटी घेऊन दादरला जाणारी आई असते, आणि तिच्या मुलीचे सारे पुढचे शिक्षण त्या एका विषयावर अडलेले असते. बोलण्याच्या शेवटी एक प्रश्न हमखास येतो : "दया दाखवायला कोणाचे काय जाते?"

प्रश्न भाबडा वाटतो, पण तो नीतिशास्त्राच्या अगदी गाभ्याचा आहे. विद्यापीठांनी तर या प्रकाराला 'ग्रेस' असे नावच दिले आहे. ईश्वर मानवाला त्याची पात्रता नसताना जे देतो त्याला ख्रिस्तसभा जो शब्द वापरते, तोच शब्द गुणपत्रिकेवर तारांकित होऊन बसला आहे. शब्द एक असला म्हणजे वस्तूही एकच असते काय, याचा विचार करावा असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते.

आपल्याकडे हा विचार नीट करता येत नाही, कारण आपल्या महाविद्यालयांच्या दारातच टक्केवारीची चाळणी टांगलेली असते. जे चाळणीतून खाली पडले त्यांचा प्रश्न कोणालाच सोडवावा लागत नाही. म्हणून ज्या संस्थेने ही चाळणी जाणूनबुजून काढून टाकली, तिच्याकडे वळणे बरे. अशी संस्था म्हणजे अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज. आपल्या समाजातील जी कुटुंबे तिकडे स्थायिक झाली आहेत त्यांच्या बोलण्यात हा शब्द वारंवार येतो. 'कम्युनिटी' म्हटले की आपल्या मनात जात किंवा धर्म उभा राहतो. तेथे तो अर्थ नाही. त्या गावात, त्या परगण्यात जो कोणी राहतो तो प्रत्येकजण, असा त्याचा अर्थ आहे.

इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी 1901 साली अशा प्रकारचे पहिले सार्वजनिक महाविद्यालय निघाले. विद्यापीठातील पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण घराजवळ मिळावे, एवढाच तेव्हा हेतू होता. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांमुळे शिक्षणाची मागणी वाढली. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने 1947 साली 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव पुढे केले आणि अशा महाविद्यालयांचे जाळे देशभर विणावे अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियाने 1960 साली आपल्या उच्चशिक्षणाची जी योजना आखली तिच्यात तर कामाची वाटणीच होती : शाळेतून बाहेर पडणाऱ्या वरच्या अष्टमांशासाठी राज्याचे मुख्य विद्यापीठ, वरच्या तृतीयांशासाठी दुसरे, आणि ज्याला शिक्षणाचा लाभ घेता येईल अशा कोणासाठीही कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षांची पदविका, माफक शुल्क, संध्याकाळचे वर्ग. वर्गात अठरा वर्षांच्या मुलाशेजारी चाळिशीतली बाई बसलेली असते, जी दिवसभर वृद्धाश्रमात रुग्णांची उठबस करून आलेली असते.

अशा महाविद्यालयाचा विज्ञान विभाग चालवणे ही काय चीज आहे, हे आपल्या वाचकांना थोडे सांगावयास हवे. विभागप्रमुख हा बहुधा शिक्षकच असतो. त्याचा एखाद-दुसरा वर्ग कमी करून हे काम त्याच्या गळ्यात घातलेले असते. वेळापत्रक त्याने लावायचे. प्रयोगशाळा दोन असतात आणि तुकड्या दहा; त्यामुळे एक तुकडी सकाळी सातला, एक रात्री दहापर्यंत, एक शनिवारी. विच्छेदनासाठी जतन केलेली मांजरे वेळेवर मागवायची, सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गासाठी जंतूंची रोपणे तयार आहेत ना, वर्ग संपल्यावर ती ऑटोक्लेव्हमध्ये मारली गेली ना, हे पाहायचे. वापरलेली रसायने मोरीत ओतता येत नाहीत. त्यांची नोंद ठेवून ती परवानाधारकाच्या स्वाधीन करायची. जुन्या कपाटाच्या मागच्या रांगेत पिक्रिक आम्लाची एखादी बाटली सापडते. ते ओले असेतो निरुपद्रवी, वाळून त्याचे स्फटिक झाले की स्फोटक. अशी बाटली सापडली म्हणून इमारत रिकामी करून बाँबविरोधी पथक बोलावण्याचे प्रसंग तिकडील महाविद्यालयांत घडलेले आहेत. ती बाटली मागे ठेवून जाणारा प्रमुख केव्हाच निवृत्त झालेला असतो. नंतर येणाऱ्यांविषयीचे कर्तव्य म्हणजे काय, हे शिकवायला आम्हांस याहून चांगले उदाहरण सुचत नाही. पण तो विषय पुन्हा कधी तरी.

या विभागाकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांत एक मोठा वर्ग परिचारिका होऊ इच्छिणाऱ्यांचा असतो. परिचर्येच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळण्याआधी त्यांना शरीररचना व शरीरक्रिया यांचे दोन अभ्यासक्रम आणि सूक्ष्मजीवशास्त्र किमान ठरावीक श्रेणीने उत्तीर्ण व्हावे लागते. कॉलेजचे दार उघडे आहे. हे दुसरे दार उघडे नाही. आणि विज्ञान विभाग नेमका या दोन दारांच्या मधल्या ओसरीत बसलेला आहे.

आता एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणू. दोन मुलांची आई, नवरा सोडून गेलेला, रात्रपाळी करून सकाळच्या वर्गाला येते. एकदाही गैरहजर नाही. सत्राच्या शेवटी तिला दोन गुण कमी पडतात. विषयाचे शिक्षक तरुण आहेत, ते कागद घेऊन विभागप्रमुखाकडे येतात आणि विचारतात, "काय करायचे?" आमच्या कचेरीतला प्रश्नच तेथे वेगळ्या वेशात उभा आहे.

तिचे गुण कोठे गेले ते पाहू. शरीरक्रियेच्या अभ्यासक्रमात पेशीच्या विद्युतभाराचे एक प्रकरण असते. ते कंटाळवाणे आहे. पेशीच्या आत पोटॅशियम पुष्कळ, बाहेर थोडे. या तफावतीवर पेशीचा विद्युतभार टिकून असतो आणि त्याच भाराच्या चढउताराने हृदयाचा ठोका पडतो. रक्तातील पोटॅशियम लिटरमागे साधारण साडेतीन ते पाच एककांच्या मर्यादेत असावे लागते. ते एकाएकी वाढले तर हृदयाचे स्नायू पूर्ववत होऊ शकत नाहीत आणि हृदय थांबते. विद्यार्थिनीला वाटते की हे आकडे केवळ परीक्षेसाठी आहेत. पण पोटॅशियम क्लोराईडचे द्रावण रुग्णालयात रोज लागणारी वस्तू आहे. ते पुरेसे पातळ करून, सावकाश, शिरेतून दिले तर औषध. तसेच्या तसे टोचले तर मृत्यू. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने 1998 साली गंभीर दुर्घटनांविषयी जे इशारापत्रक काढण्यास सुरुवात केली, त्याचा पहिलाच अंक या पोटॅशियमविषयी होता, आणि त्यात वॉर्डांतून हे तीव्र द्रावण हलवण्याचा सल्ला होता. त्या कंटाळवाण्या प्रकरणाच्या दुसऱ्या टोकाला एक खाट आहे आणि त्या खाटेवर कोणी तरी निजलेले आहे.

"कोणाचे काय जाते?" या प्रश्नाचे पहिले उत्तर त्या खाटेवर आहे. दोन गुण देणाऱ्याच्या खिशातून काहीच जात नाही. म्हणूनच ते देणे इतके सोपे असते.

याला शुभवर्तमानातून हरकत घेता येईल, आणि ती घेतली जाते. द्राक्षमळ्याच्या धन्याने दिवस मावळताना आलेल्या मजुरांनाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली नाही काय? दिली. सकाळपासून राबलेल्यांची कुरकूर त्याने ऐकून घेतली आणि आपल्या निर्णयावर तो ठाम राहिला. परंतु त्याने ते पैसे कोठून दिले? स्वतःच्या थैलीतून. कोणाच्या ठरलेल्या मजुरीतला एक पैसाही त्याने कमी केला नाही. संत थॉमस अक्विनास यांनी न्याय आणि दया यांचा मेळ सांगताना असेच एक उदाहरण योजले आहे : एखाद्याला शंभर देणे असताना कोणी स्वतःच्या पदरचे दोनशे दिले, तर तो न्यायाचा भंग करीत नाही, तो उदार होतो. म्हणून त्यांच्या मते दया न्यायाला मोडीत काढत नाही, त्याला पूर्णत्वास नेते. सेमिनरीत हा उतारा आम्ही घोकला होता, पण 'स्वतःच्या पदरचे' या शब्दांवर तेव्हा आमची नजर ठरली नव्हती. सारा भार त्याच शब्दांवर आहे.

गुण हे शिक्षकाच्या पदरचे नसतात. ते त्याच्या हाती ठेव म्हणून असतात. या दृष्टीने पाहिले तर वाढीव गुण देणारा शिक्षक द्राक्षमळ्याच्या धन्यासारखा नसून संत लूकच्या शुभवर्तमानातील त्या अन्यायी कारभाऱ्यासारखा दिसू लागतो, ज्याने नोकरी जाणार असे दिसताच ऋणकोंना बोलावले आणि शंभर मण तेलाचे पन्नास, शंभर खंडी गव्हाचे ऐंशी असे कागद बदलून दिले. ऋणको खूश, कारभारी निर्धास्त, आणि तूट धन्याच्या खाती. धन्याने त्याच्या चातुर्याची वाखाणणी केली हे खरे. भाष्यकार त्या ठिकाणी शतकानुशतके अडखळत आले आहेत आणि प्रवचनाच्या वेळी आम्हीही अडखळतो. तरी तो दाखला गुणपत्रिकेला लावावा असे त्यांपैकी कोणी सुचवल्याचे आमच्या वाचनात नाही.

सगळेच विद्यार्थी परिचारिका होणार नसतात, हे कबूल केले पाहिजे. चित्रकलेची पदविका घेणारा एखादा मुलगा नियमाप्रमाणे एक विज्ञानविषय घेतो आणि वनस्पतींच्या वर्गीकरणात दोन गुणांनी मागे पडतो. तेथे दुसऱ्या टोकाला खाट नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाने ते दोन गुण कष्टाने मिळवले, त्याचा काय तो हिशेब उरतो. अशा ठिकाणी आम्ही फार ताठ राहणार नाही.

याहून वजनदार हरकत निराळी आहे. मापच खोटे असेल तर? या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे असा प्रघात होता की नव्या विद्यार्थ्याची एक चाचणी घ्यायची, आणि त्यात तो कमी पडला तर त्याला गणिताच्या व इंग्रजीच्या पूर्वतयारीच्या वर्गांत बसवायचे. एकावर एक दोन-तीन पायऱ्या. शुल्क भरायचे, पण पदविकेसाठी त्यांचे मोल शून्य. दार उघडे होते, पण आतला बोळ इतका लांब की पुष्कळजण वर्गापर्यंत पोहोचतच नसत, आणि त्यांत गरिबांची मुले अधिक. कॅलिफोर्नियाने 2017 साली कायदा करून या पायऱ्या जवळजवळ मोडून काढल्या. शाळेतील गुण पाहून विद्यार्थ्याला थेट मुख्य अभ्यासक्रमात बसवावे असे ठरले. 2022 च्या पुढच्या कायद्याने विज्ञान व अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांना थेट कलनशास्त्राच्या वर्गाकडे नेले. यावर तेथील शिक्षकांत कडाक्याचे वाद आहेत. उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या वाढली, असे एक पक्ष सांगतो. जे कच्चे आहेत ते आता बोळात हरवण्याऐवजी वर्गात बुडतात, असे दुसरा. आम्हांस पहिल्या पक्षाचे म्हणणे अधिक पटते. ज्या मापाने रुग्णाचे रक्षण होत नाही, केवळ गरिबाची दमछाक होते, ते माप धर्माच्या नावाने राखण्यात अर्थ नाही. मात्र माप मोडणे आणि मापात पाप करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली दिवसाढवळ्या, कायद्याने, सर्वांसाठी होते. दुसरी संध्याकाळी, दार लोटून, एकीसाठी.

मग त्या दोन मुलांच्या आईला दया मिळायचीच नाही काय? मिळायला हवी, पण तिची जागा गुणपत्रिका नव्हे, तिची जागा सत्राच्या पहिल्या दिवसापासून परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत आहे. विभागप्रमुखाच्या हाती असलेल्या गोष्टी दिसायला अगदी रुक्ष असतात. हाडांचे सांगाडे व सूक्ष्मदर्शक कुलूपबंद न ठेवता रविवारी दुपारी प्रयोगशाळा उघडी ठेवायची की नाही? शरीररचनेचे छापील पाठ्यपुस्तक दोनशे डॉलरच्या घरात जाते. राईस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमाने 2013 पासून त्याच विषयाचे पुस्तक फुकट उपलब्ध केले आहे, ते नेमायचे की नाही? पहिली चाचणी तिसऱ्या आठवड्यात घ्यायची, म्हणजे कोण मागे पडत आहे ते वेळीच कळेल, की आठव्या? रात्रपाळीवाल्यांसाठी सकाळची तुकडी राखायची का? पुस्तकाच्या निवडीला आपण कारकुनी काम समजतो. आमच्या मते ते दयेचे कृत्य आहे, भुकेलेल्यांस अन्न देण्याइतकेच, आणि त्यासाठी विभागाच्या बैठकीत दोन तास भांडावे लागते.

येथे मात्र एक नवा पेच उभा राहतो, आणि तो फारसा कोणी बोलून दाखवत नाही. या महाविद्यालयांतील सुमारे दोन-तृतीयांश शिक्षक अर्धवेळ आहेत. त्यांना वर्गागणिक मानधन मिळते. पुढच्या सत्राची शाश्वती नाही. एका गावचा वर्ग संपवून दुसऱ्या गावच्या वर्गाला मोटार हाकत जाणारे हे लोक. वर्गाबाहेर विद्यार्थ्यांना भेटण्याच्या वेळेचे पैसे अनेक ठिकाणी त्यांना मिळत नाहीत किंवा नाममात्र मिळतात. विभागप्रमुखाने "विद्यार्थ्यांना अधिक वेळ द्या" असा दयाळू फतवा काढला की त्याची किंमत हेच शिक्षक भरतात. म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्याच थैलीतून औदार्य! पोप तेरावे लिओ यांनी 1891 साली 'रेरुम नोवारूम' हे विश्वपत्र काढले तेव्हा त्यांच्यासमोर गिरणीकामगार होते, पण गरजेपोटी मान्य केलेली मजुरी म्हणजे न्याय्य मजुरी नव्हे, हा त्यांचा मुद्दा पदवीधरालाही लागू पडतो. आपल्या महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे प्राध्यापक आपल्याच धर्मग्रामांत आहेत. त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

विभागप्रमुखाला मानधनाचे दर ठरवता येत नाहीत. पण सर्वांत अवघड तुकड्या सर्वांत कमी मिळणाऱ्याच्या माथी मारायच्या की स्वतः घ्यायच्या, हे त्याच्या हाती असते. रविवारची प्रयोगशाळा उघडायला पहिल्यांदा कोण येणार, हेही. शिवाय वरून दडपण असते. महाविद्यालयाला मिळणारा पैसा पुष्कळसा विद्यार्थिसंख्येवर अवलंबून, आणि नापासांचे प्रमाण वाढले की अधिष्ठाता कारण विचारतो. अशा वेळी दोन गुण वाढवणे ही दया असते की सोय, हे करणाऱ्यालाही नेहमी उमगत नाही. आमचा स्वतःचा अनुभव असा की बहुतेक चिठ्ठ्या सोयीच्या असतात आणि दयेच्या लखोट्यात येतात.

भारतात कम्युनिटी कॉलेजची कल्पना रुजवण्यात येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्सो यांचा मोठा वाटा आहे. पाँडिचेरी विद्यापीठात 1995 साली अशी पहिली संस्था सुरू झाली, त्यापाठोपाठ मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने पुढाकार घेतला. शाळा सुटलेल्यांना हाताला काम मिळेल असे शिक्षण द्यावे, हा तिचा रोख. रुग्णसेवेतील साहाय्यक घडवणे हाही अशा शिक्षणाचा एक भाग. पोटॅशियमच्या बाटलीला हात लावणारे हात तेथूनही बाहेर पडतात. त्यामुळे हा प्रश्न सातासमुद्रांपलीकडचा आहे असे समजण्याचे कारण नाही. आमच्याकडे शब्द टाकायला येणाऱ्या पालकांना आम्ही अलीकडे चिठ्ठी देत नाही. विषय कोणता ते विचारतो, आणि तो विषय शिकवू शकेल असे आपल्याच धर्मग्रामात कोणी आहे का ते पाहतो. प्रत्येक वेळी सापडते असे नाही. पालक नाराज होऊन जातात.

त्या विद्यार्थिनीकडे पुन्हा पाहू. कॅलिफोर्नियात नापास झालेला अभ्यासक्रम साधारणपणे एकूण तीनदा घेता येतो; त्यापुढे असाधारण कारण दाखवून अर्ज करावा लागतो. समजा, ती तिन्ही वेळा थोडक्यात राहिली. मूल आजारी होते, नोकरी गेली होती. अर्जावर विभागाचे मत मागितले जाते. येथे कडक राहण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील : जागा मर्यादित, दुसरे वाट पाहत आहेत, तिला वेळीच दुसऱ्या मार्गाला लावणे हाच खरा प्रामाणिकपणा. त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही, आणि दुसरे मार्ग कोणते हे तिला समोर बसवून सांगितलेच पाहिजे. तरी आमचे मत विचाराल तर अर्जावर सही करावी. जागा देणे, प्रयोगशाळेतले एक आसन देणे, संध्याकाळचा एक तास देणे हे विभागाच्या पदरचे आहे. ते चौथ्यांदाही देता येते. प्रश्नपत्रिका तीच राहील, पोटॅशियमचे प्रकरणही तेच, आणि उत्तीर्ण होण्याची रेषाही तेथेच.